वॉर फंड आणि वॉर लोन: दोन्हीत गल्लत करू नका

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की "हिंदुस्थानने इंग्रजांना एवढे पैसे दिले" असं सगळेच म्हणतात, पण दिले म्हणजे दान केले की उसने दिले हे कुणी विचारतच नाही आणि मग फंड आणि लोनची खिचडी होते.

फंड म्हणजे देणगी. पैसा गेला तो गेला. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी पुढाकार घेतला, बाकी संस्थानिकांनी पैसे घातले आणि एम्प्रेस ऑफ इंडिया नावाची जुनी प्रवासी बोट घेऊन तिचं हॉस्पिटल शिप केलं, नाव ठेवलं लॉयल्टी. (युद्धानंतर उद्योगपती वालचंद हिराचंद आणि मंडळींनी हीच बोट आपल्या सिंदिया जहाज कंपनीसाठी घेतली, ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली आणि म्हणून आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, मला ही गोष्ट फार आवडते.) निजामाने तर ब्रिटिश हवाई दलाच्या ११० नंबरच्या स्क्वाड्रनला (तुकडीला) विमानंच दिली, म्हणून तिच्या नावात हैदराबाद आलं.

लोन म्हणजे कर्ज, ते व्याजासकट परत मिळतं. १९१७ मध्ये सरकारने वॉर लोन काढलं आणि ज्यांच्याकडे मोठी रक्कम नाही त्यांच्यासाठी पोस्टात कॅश सर्टिफिकेटं आणली, ७ रुपये १२ आणे भरायचे आणि ५ वर्षांनी १० रुपये घ्यायचे. म्हणजे सर्टिफिकेट घेणाऱ्याचं नुकसान नाही, उलट फायदाच.

आता खरी मेख. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला १० कोटी पौंड, म्हणजे तेव्हाचे १५० कोटी रुपये, "भेट" दिले. तेवढा पैसा तिजोरीत होता कुठे! काही रक्कम ह्याच वॉर लोनमधून उभी केली आणि उरलेल्याचं व्याज आपल्या डोक्यावर घेतलं. म्हणजे ब्रिटनच्या दृष्टीने ती देणगी, आपल्या दृष्टीने कर्ज, आणि ज्याने लोनमध्ये एक रुपया घातला नाही त्यानेही ते कराच्या रूपाने फेडायचं. हे मला आजही अन्यायाचं वाटतं, कारण रयतेला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यासाठी आयात कापडावरची जकात ३.५ टक्क्यांवरून ७.५ टक्के केली. देशी गिरण्यांच्या कापडावरचा कर मात्र ३.५ वरच ठेवला म्हणून लँकेशायरवाले (इंग्लंडातले कापड गिरणीवाले) भडकले, मुंबईच्या गिरणीमालकांना बरंच वाटलं, पण विलायती धोतरजोडी घेणाऱ्याला दुकानात चार पैसे जास्तच मोजावे लागले.