सायबर छळ

मोबाइल, समाजमाध्यमे किंवा ऑनलाइन खेळांतून एखाद्याला मुद्दाम आणि वारंवार त्रास देणे म्हणजे सायबर छळ. बोलण्यात ‘सायबर बुलिंग’ हाच शब्द रुळला आहे. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयुस यांनी शाळेतल्या दांडगाईच्या तीन खुणा सांगितल्या : हेतू, पुनरावृत्ती आणि बळातली तफावत. मोबाइलवर यातली दुसरी खूण चकवते. फोटो टाकणारा एकदाच टाकतो, पुढे पाठवणारे थांबत नाहीत.

रात्री अकराला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मुलीचा फोटो पडतो, चेहऱ्यावर स्टिकर चिकटवलेले. खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागते. ज्यांना ते खटकते तीही मुले गप्प राहतात, आणि सकाळी तिला त्याच मुलांमध्ये बाकावर बसायचे असते. पूर्वी शाळा सुटली की निदान घरी तरी सुटका होती.

झोप उडणे, सकाळी पोट दुखणे, जेवण टाकणे, शाळा टाळणे हे परिणाम आधी दिसतात. चिंता, नैराश्य, स्वतःला इजा करण्याचे विचार उशिरा कळतात. युनिसेफने 2019 मध्ये 30 देशांतील तरुणांची मते घेतली, तेव्हा तिघांपैकी एकाने असा छळ सोसल्याचे सांगितले. पाचांपैकी एकाने त्यापायी शाळा बुडवली होती.

मुले घरी सांगत नाहीत, याचे एक मोठे कारण म्हणजे फोन काढून घेतला जाईल ही भीती. म्हणून पालकांनी पहिल्याच दिवशी ‘फोन तुझ्याकडेच राहील’ असे सांगणे फार मोलाचे आहे. ‘दुर्लक्ष कर’ एवढ्यावर भागत नाही. उलट उत्तर देऊ नये. तारीख आणि खात्याचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, मगच ब्लॉक आणि रिपोर्ट करावे. अल्पवयीन मुलाचे अश्लील चित्र मात्र पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नये.

ऑनलाइन आक्षेपार्ह संदेश पाठवणाऱ्याला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले. तरी तोतया खाते, खासगी चित्रांचा प्रसार आणि मुलांचे लैंगिक चित्रण यांसाठी त्याच कायद्यात कलमे आहेत. मुलांसाठी 1098 आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा 14416 हे क्रमांक आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक चित्रणाची तक्रार नाव न देताही करता येते.