'होस्ट सापडत नाही': पोर्ट, पिंग आणि इंदूरच्या घरातलं नेट

लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, इंदूरच्या घरांत फायबर लाइनची आता कुणाला नवलाई नाही. तरीही एकाने आपल्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचं जग उघडलं आणि राजवाड्याजवळच्या मित्राने त्यात शिरायचा प्रयत्न केला, की 'कनेक्शन टाइम्ड आउट' हमखास येतं. मग चहूबाजूंनी सल्ले सुरू होतात: पोर्ट (कॉम्प्युटरचा क्रमांक दिलेला दरवाजा) फॉरवर्ड कर, फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारा पहारेकरी) बंद कर, हमाची हे सॉफ्टवेअर टाक, डीएनएस बदल. शेवटचा सोडला तर यातला प्रत्येक सल्ला कधी ना कधी बरोबर होता. (डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतो. एकदा खेळ सुरू झाला की पिंगशी, म्हणजे माहिती सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेशी, त्याचा संबंध नाही.) घोळ असा की हे सल्ले वेगवेगळ्या काळातल्या जोडणीसाठी दिलेले आहेत, आणि आपली जोडणी कोणत्या काळातली आहे हे कुणी विचारतच नाही.

डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम'मध्ये चार जण आयपीएक्स प्रोटोकॉलवर (मशीनांनी आपसात बोलायचे नियम) एकत्र खेळू शकत. तेव्हाचे कॉम्प्युटर बऱ्याच ठिकाणी एकाच कोअॅक्स केबलवर ओवलेले असत: प्रत्येक मशीनला टी-कनेक्टर, दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर, एका तुकड्याची कमाल लांबी १८५ मीटर. एक टर्मिनेटर निघाला की सगळ्यांचा खेळ बंद. आयपीएक्समध्ये हाताने पत्ता भरावा लागत नसे, नेटवर्क कार्डाचा क्रमांकच पत्त्याचं काम करी. त्यामुळे जुळवणी सोपी, पण एका इमारतीपुरती. 'डूम'च्या सुरुवातीच्या आवृत्तीत प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनना जाई. नेटवर्क तुंबे, म्हणून अनेक संस्थांनी खेळावर बंदी घातली. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं.

१९९६ च्या 'क्वेक'ने इंटरनेटचा प्रोटोकॉल घेतला आणि मध्ये सर्व्हर बसवला. खेळात काय घडलं हे सर्व्हर ठरवणार, बाकीचे त्याला विचारणार. त्याच वर्षाअखेरच्या 'क्वेकवर्ल्ड'मध्ये सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता आपलं पाऊल आधीच पडलेलं दाखवायची सोय आली. मोडेमवर खेळणं त्यामुळेच सुसह्य झालं. 'एज ऑफ एम्पायर्स'ने (१९९७) वेगळी वाट धरली. हजारो सैनिकांची माहिती पाठवायची नाही, फक्त हुकूम पाठवायचे आणि प्रत्येक मशीनने तोच हिशेब स्वतः करायचा. साधारण २०० मिलिसेकंदांचा एक टप्पा, आणि दिलेला हुकूम दोन टप्प्यांनंतर अमलात. यात सगळ्यात हळू मशीन सगळ्यांना हळू करतं, आणि एकाची आवृत्ती जरी वेगळी असली तरी 'आउट ऑफ सिंक' होऊन डाव मोडतो.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही डायल-अप. त्यामुळे इंदूरच्या पोरांचं पहिलं मल्टिप्लेअर सायबर कॅफेच्या लॅनवरचं (एका जागेपुरत्या नेटवर्कवरचं): काउंटर-स्ट्राइक १.६, सगळी मशीन जोडणारा एक नेटवर्क स्विच आणि कॅट-५ च्या केबल्स. तिथले बिघाड ठरलेले. दोन मशीनना एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिलेला, किंवा एकाच्या सबनेटमध्ये (पत्त्याचा कोणता भाग सगळ्यांना समान ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० ऐवजी भलतंच काही. स्विच नसेल आणि दोनच मशीन जोडायची असतील तर साधी केबल चालत नसे; १-३ आणि २-६ या तारा उलटवलेली क्रॉसओव्हर केबल लागे. सर्व्हर यादीत दिसला नाही तर गेममधली आज्ञा लिहायची खिडकी (कन्सोल) उघडून आयपी आणि २७०१५ हा पोर्ट हाताने टाकायचा. आणि लाईट! २००३ च्या विधानसभा निवडणुकीत वीज हा मध्य प्रदेशातला मोठा मुद्दा होता, तो उगाच नाही. कॉम्प्युटर यूपीएसवर, पण स्विच भिंतीतल्या सॉकेटवर, अशी मांडणी सर्रास असे. लाईट गेली की पडदे चालू आणि सर्व्हर गायब.

ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल आपोआप चालू झाली. तेव्हापासूनचं लक्षण आजही ओळखू येतं: इतरांचे गेम याला दिसतात, याचा गेम कुणालाच दिसत नाही. बाहेर जाणारी पॅकेटं सुटतात, न विचारता आत येणारी अडतात. परवानगी विचारणारी खिडकी पूर्ण पडदा व्यापलेल्या गेमच्या मागे दडून राहते, हे आणखी एक दुखणं. फायरवॉल बंद करणं हा आळशी उपाय आहे. आजच्या विंडोजमध्ये घरचं नेटवर्क 'पब्लिक' ऐवजी 'प्रायव्हेट' करायचं आणि त्या गेमला 'प्रायव्हेट'मध्ये परवानगी द्यायची, एवढं पुरतं.

२००५ पासून बीएसएनएलचं ब्रॉडबँड घरांत आलं. २५६ केबीपीएस, आणि ठरावीक प्लॅनवर रात्री २ ते सकाळी ८ अमर्याद. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराची गर्दी ओसरायची वेळ ती पोरांची डाउनलोड सुरू करायची वेळ. याच मोडेममध्ये आजच्या त्रासाचं मूळ आहे. मोडेम ब्रिज मोडमध्ये असेल आणि कॉम्प्युटरवरूनच लॉगिन करून नेट जोडलं, तर इंटरनेटवरचा खरा आयपी थेट कॉम्प्युटरला मिळे आणि होस्टिंग (आपल्या मशीनवर खेळ उघडून इतरांना आत घेणं) चाले. राउटर मोडमध्ये तो आयपी मोडेमपाशी थांबे आणि घरातल्या मशीनना १९२.१६८ चे पत्ते मिळत. बाहेरून आलेलं पॅकेट कोणत्या मशीनला द्यायचं हे मोडेमला ठाऊक नसे. ते सांगणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग: आधी कॉम्प्युटरला कायमचा घरगुती आयपी द्यायचा, मग माइनक्राफ्ट जावासाठी टीसीपी २५५६५ किंवा काउंटर-स्ट्राइकसाठी यूडीपी २७०१५ त्या आयपीकडे वळवायचा. टीसीपी आणि यूडीपी हे पॅकेट पाठवायचे दोन वेगळे प्रकार; टीसीपीच्या जागी यूडीपी निवडला की सगळं बरोबर भरूनही चालत नाही. ज्यांना ही कटकट नको ते हमाची घेत. सगळे जणू एकाच लॅनवर आहेत असा आभास ते उभं करी.

मग पत्तेच संपले. आयपीव्ही४ चे (चार आकड्यांच्या नेहमीच्या आयपी पत्त्यांचे) शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा खास नेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. आता एक खरा आयपी अनेक घरांत वाटला जातो, आणि ज्या यंत्रात पोर्ट वळवायला हवा ते कंपनीकडे असतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर स्वस्त नेट घरोघर पोचलं, पण घरून होस्ट करणं बहुतेकांसाठी तिथेच अडलं.

म्हणून पहिली तपासणी हीच. राउटरच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१) वॅन आयपी (नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा, आणि आपला आयपी दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा आकडा शेजारी ठेवा. दोन्ही सारखे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंग चालेल. वॅन आयपी वर सांगितलेल्या १००.६४ पासूनच्या पट्ट्यातला असेल तर ते करण्यात अर्थ नाही. पैसे भरून स्टॅटिक (कायमचा, फक्त आपला) आयपी घ्या, नाहीतर टेलस्केल किंवा झीरोटिअर वापरा. हमाचीचीच ही पुढची पिढी. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा केबलवाल्याचा ओएनटी (फायबरची वायर ज्यात येते तो डबा) स्वतःच राउटर झालेला आहे आणि तुमचा राउटर त्याच्यामागे दुसरा. दुसऱ्याला अॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा) करा: वायर लॅन पोर्टमध्ये, डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद.

गेम कन्सोलवर जोडणीच्या प्रकारापुढे दिसणारं 'ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट' हे याच प्रश्नाचं रूप. दोन खेळाडू एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट पाठवून वाट उघडतात. पण एखादा राउटर प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा पोर्ट वापरत असेल, तर समोरच्याला नेमका पोर्ट ओळखता येत नाही. दोन्हीकडे असे राउटर असतील तर थेट जोडणी जवळपास होतच नाही, मध्ये रिले (दोघांची पॅकेटं पोचवणारा सर्व्हर) लागतो.

बीजीएमआयसारख्या (पबजीची भारतीय मोबाइल आवृत्ती) खेळांत सर्व्हर कंपनीचा, त्यामुळे सहसा पोर्टची भानगड नाही. तिथे अंतर नडतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईचा सर्व्हर ६०० किलोमीटरवर धरला तर जाऊन येऊन ६ मिलिसेकंद, सिंगापूर सरळ रेषेत चार हजार धरलं तर ४०. प्रत्यक्षातला आकडा याहून जास्तच येतो, कमी कधीच नाही. म्हणून आधी गेममध्ये सर्व्हर कुठला निवडलाय ते बघावं. मग राउटरलाच शंभर पिंग पाठवावे. तिथेच आकडा १ ते ३ सोडून पन्नासवर उड्या मारत असेल तर दोष वायफायचा: ५ गिगाहर्ट्झ घ्या किंवा वायर ओढा. राउटरपर्यंत ठीक, पण घरात कुणी व्हिडिओ अपलोड करायला लागलं की पिंग ४० वरून ४०० वर जात असेल, तर पॅकेटं राउटरमध्ये रांगेत उभी राहताहेत. राउटरमध्ये एसक्यूएमची (पॅकेटांची रांग लांबू न देणारी) सोय असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी. इथे मोठा प्लॅन घेऊन फारसा फरक पडत नाही.