संयुजा आधी, इलेक्ट्रॉन नंतर
मुलुंड-भांडुपच्या मिठागरांतलं मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचं संयुग. त्यातला सोडियम प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, मुंबईच्या दमट हवेत तर नक्कीच. क्लोरीन हा विषारी वायू. दोघे एकत्र आले की आपण ते ताटात वाढून घेतो. असं का होतं, हे आज शाळेतली मुलं २, ८, १ आणि २, ८, ७ अशी संरूपणं, म्हणजे कवचाकवचातली इलेक्ट्रॉनची संख्या, मांडून सांगतात. पण ही उत्तरं मिळायला साठांहून जास्त वर्षं लागली. तो प्रवास आपल्या वर्गांत सहसा येत नाही, आणि मला वाटतं तो यायला हवा.

गंमत म्हणजे संयुजा, म्हणजे अणूची इतर अणूंशी जोडून घेण्याची क्षमता, इलेक्ट्रॉनच्या आधी सापडली. १८५२ मध्ये एडवर्ड फ्रँकलंड यांनी दाखवलं की नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक यांची जोडून घेण्याची क्षमता ठरावीक असते, तीन किंवा पाच. १८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांच्या आवर्तसारणीत तीच संख्या गणागणाने ठरावीक क्रमाने येताना दिसली. कारण मात्र कोणालाच माहीत नव्हतं. जे. जे. थॉमसन यांचा इलेक्ट्रॉन आला तो थेट १८९७ मध्ये.

मग आठाचा आकडा पुढे आला. १९०४ मध्ये रिचर्ड आबेग यांनी नोंदवलं की मूलद्रव्याच्या सर्वांत मोठ्या धन आणि ऋण संयुजांची बेरीज पुष्कळदा आठ भरते: क्लोरीनची सात आणि एक, गंधकाची सहा आणि दोन. गिल्बर्ट लुईस तर १९०२ पासूनच घनाच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन मांडून पाहत होते. १९१६ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनच्या जोडीची भागीदारी म्हणजे बंध, असं मांडलं. त्याच वर्षी जर्मनीत वाल्थर कोसेल यांनी इलेक्ट्रॉन देण्याघेण्यातून आयन कसे बनतात ते सांगितलं. दोघांपुढेही राजवायू होते: बाह्यतम कवच भरलेलं, म्हणून कोणाच्या अध्यातमध्यात नसलेले.

सोडियम एकच इलेक्ट्रॉन का देतो, हे ऊर्जेच्या आकड्यांवरून लख्ख दिसतं. पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल लागतात. दुसरा आतल्या, भरलेल्या कवचातला असल्याने त्याला सुमारे ४,५६२, म्हणजे नऊपटींहून जास्त. एवढी किंमत नेहमीच्या रासायनिक अभिक्रियेतून वसूल होत नाही.

बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन झाले की अणू स्थिर, हा अष्टकाचा नियम पाठ करून घेताना त्याची मर्यादाही सांगावी. झेनॉन हाही राजवायूच, पण त्याचे बाह्य इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर, त्यामुळे सैल. ऑक्सिजनच्या रेणूमधून इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागते, जवळजवळ तेवढीच झेनॉनलाही लागते, हे नील बार्टलेट यांच्या लक्षात आलं. प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन ओढून घेतं, हे त्यांनी आधीच पाहिलं होतं. १९६२ मध्ये व्हँकुव्हरला त्यांनी तेच झेनॉनवर सोडलं, आणि राजवायूचं पहिलं खरं संयुग पिवळसर-नारिंगी घनरूपात हाती आलं.