गिझरला हाक मारताना

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथं चांगलीच हुडहुडी भरते आणि खानापूरकडचा पावसाळाही गारठ्यातच जातो. तरी आपण घर तापवत नाही, आंघोळीचं पाणी तापवतो. पूर्वी परसात तांब्याचा बंब पेटायचा, आता शहापूर-वडगावातल्या दुमजली घरांत खाली एक आणि माडीवर एक गिझर असतो. हे गिझर आता बोलून लावता येतात. पण ही सोय नेमकी कशासाठी वापरायची, ते थंड देशांतल्या घरांकडे पाहिलं की जास्त चांगलं कळतं.

युरोपातल्या पुष्कळ घरांत एकच बॉयलर असतो. त्यातलं गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये, म्हणजे भिंतीलगतच्या धातूच्या पोकळ पत्र्यांत, किंवा फरशीखाली फिरतं. घराचे भाग पाडलेले असतात, त्यांना झोन म्हणतात. ज्या झोनमध्ये माणसं नाहीत, तिथलं गरम पाणी बंद. रेडिएटरच्या साध्या व्हॉल्व्हमध्ये मेणाची किंवा द्रवाची छोटी कुपी असते. खोली उबदार झाली की कुपीतला पदार्थ फुगतो, दट्ट्या पुढे सरकतो आणि पाण्याची वाट अडते. खोली गार झाली की वाट पुन्हा मोकळी. याला वीजही लागत नाही.

विजेवरच्या थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या उपकरणाची, गोष्ट तर एका शिक्षकाची आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन शिकवत असत. वर्ग किती तापलाय हे बघायला शिपाई मधेच आत यायचा. जॉन्सननी वर्गात असं उपकरण बसवलं की तापमान बदललं की तळघरात भट्टी सांभाळणाऱ्याकडे घंटा वाजे. १८८३ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं.

आज निरोप उलट दिशेनं जातो, माणसाकडून यंत्राकडे. बोललेलं ऐकून काम करणारा स्मार्ट स्पीकर सतत ऐकत असतो ते फक्त स्वतःच्या नावाची हाक, आणि ती ओळखण्याचं काम त्याच्यातली चिप जागेवरच करते. पुढचं वाक्य मात्र सहसा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं. तिथं आवाजाचे शब्द होतात, त्यांतून काय करायचं आणि कोणतं उपकरण हे ठरतं, आणि हुकूम परत आपल्या घरातल्या, इंटरनेटला जोडलेल्या स्मार्ट प्लगकडे येतो. प्लगमधला रिले, म्हणजे विजेनं चालणारा खटका, टक् करून जोडला जातो आणि गिझरचा लाल दिवा लागतो. पाणी किती तापवायचं यात या आवाजाचा काहीच हात नाही. ते गिझरच्या आतला थर्मोस्टॅटच ठरवतो.

या साखळीत आपल्याकडे अडतं ते उपकरणाच्या नावापाशी. सीमाभागातल्या घरात एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी सहज येतात. फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी कळते, ॲमेझॉनची अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते. पण ॲपमध्ये नाव ‘गिझर टू’ आणि आजी म्हणणार, ‘वरचा बंब लाव की रे!’ यंत्र तो बंब शोधत बसतं. म्हणून नावं घरातल्या सगळ्यांच्या तोंडात बसणारी, आखूड आणि एकमेकांपासून वेगळी ऐकू येणारी ठेवावीत. एकाचं ‘माडी’, दुसऱ्याचं ‘आजी’ ठेवलं तर घोळ कमी होतो.

आता वेळेचा हिशेब. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. २,००० वॉटच्या गिझरला त्यासाठी २१ मिनिटं लागतात, मग तुम्ही बटण दाबा नाहीतर हाक मारा. याउलट दहा बाय बाराच्या खोलीत हवा असते जेमतेम ४० किलो. ती १० अंशांनी तापवायला या पाण्याच्या सहाव्या हिश्श्याइतकीही वीज नको. तरी कौलारू घरात हीटर लावून ऊब टिकत नाही, कारण तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाते आणि उरलेली उष्णता भिंती पितात. म्हणून आपल्याकडे झोन पाडायचे ते खोल्यांचे नव्हे, पाण्याचे. आजीचा गिझर साडेपाचला, माडीवरचा सातला, आणि दोन्ही अर्ध्या तासात आपोआप बंद. रोजचं काम वेळापत्रकावर सोपवावं आणि आवाज राखून ठेवावा तो अवेळी पाहुणे आले, कुणी उशिरा उठलं, अशा वेळेसाठी.

कर्नाटकात या हिशेबाला पैशाचीही बाजू आहे. घरगुती वीज मोफत देणाऱ्या गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर २०० युनिटच्या पुढे गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. तापलेला गिझर चालू ठेवला की पाण्यातली उष्णता टाकीच्या भिंतीतून झिरपत राहते आणि ती भरून काढायला वीज पुन्हा पुन्हा खर्ची पडते. मात्र बचतीपायी थर्मोस्टॅट कोमटावर ठेवू नका. साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, ६० अंशांना ते मरतात. आंघोळीला तेच पाणी बादलीत गार पाणी मिसळून घ्यावं.

आणि पाणी तापवायचा रॉड कधीही स्मार्ट प्लगला लावू नका. हे मी अगदी कळकळीनं सांगतो. बादली रिकामी आहे की तिच्यात पोराचा हात आहे, हे स्पीकरला दिसत नाही. बार असलेल्या हीटरचंही तेच, शेजारी पडदा किंवा गोधडी असली तर आग लागू शकते. गिझरलासुद्धा १६ अँपिअरचाच प्लग हवा, कारण २,००० वॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो आणि दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअरच्या प्लगवर तो लावला तर प्लग तापून वितळू शकतो. घेताना दुकानदाराला एवढंही विचारा की इंटरनेट गेलं तर लावलेलं वेळापत्रक प्लगमध्ये राहतं का, आणि प्लगवर हातानं दाबायचं बटण आहे का.