मोटरहोममधील बॅटरी कट-ऑफ स्विच : बिघाड आणि दोषशोध

बॅटरी आणि वाहनातील विजेची उपकरणे यांच्यामधला जोड हवा तेव्हा तोडता यावा म्हणून बसवलेल्या खटक्याला बॅटरी कट-ऑफ स्विच म्हणतात. ट्रक-बसवर काम करणाऱ्या वायरमनला हा शब्द नवा नाही. मात्र मोटरहोममध्ये, म्हणजे झोपणे, स्वयंपाक आणि न्हाणी यांची सोय असलेल्या मोटारगाडीत, त्याचे काम थोडे वेगळे आणि त्याचा बिघाड बराच फसवा असतो. ही नोंद मुख्यतः १९९० च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत बांधल्या गेलेल्या मोटरहोमविषयी आहे. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसर आणि आयोवातील फॉरेस्ट सिटी ही या उद्योगाची जुनी केंद्रे. तिथून निघालेल्या त्या काळच्या अनेक गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, आणि मूळ वायरिंगचा नकाशा त्यांच्यासोबत आलेला असतोच असे नाही.

अशा गाडीत दोन स्वतंत्र बॅटरीसंच असतात. इंजिन सुरू करणारी ती चासी बॅटरी. दिवे, पाण्याचा पंप, गाडी आतून उबदार ठेवणाऱ्या भट्टीचा पंखा आणि फ्रिजचे नियंत्रण यांना वीज पुरवणारी ती हाउस बॅटरी. हाउस बॅटरीच्या संचात १२ व्होल्टच्या डीप-सायकल, म्हणजे पुन्हापुन्हा खोलवर उतरवून वापरता येणाऱ्या, बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात, किंवा गोल्फगाडीत वापरतात तशा ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीत असतात. उत्तर अमेरिकेत गाडी हिवाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहते. तेवढ्या काळात बारीकसारीक उपकरणांनी बॅटरी उतरवली, तर तिच्यातील आम्लाचे प्रमाण घटून द्रव जवळजवळ पाण्यासारखा होतो आणि कडक थंडीत गोठून बॅटरीची पेटी फुटू शकते. कट-ऑफ स्विचची खरी गरज इथे आहे.

काही गाड्यांत हा स्विच बॅटरीच्या कप्प्यातच हाताने फिरवण्याच्या मुठीचा असतो. त्यात बिघडण्यासारखे फार काही नसते. त्रास देतो तो दुसरा प्रकार. प्रवेशदाराशेजारी ‘यूज’ (वापर) आणि ‘स्टोअर’ (साठवण) असे लिहिलेले एक छोटे बटण असते, पण बॅटरीचा जड प्रवाह त्यातून जातच नाही. ते बटण फक्त बॅटरीजवळच्या एका लॅचिंग रिलेला, म्हणजे दिलेल्या स्थितीत आपोआप टिकून राहणाऱ्या विद्युतचुंबकी खटक्याला, क्षणभर इशारा देते. इंटेलिटेक या अमेरिकी कंपनीचे असे रिले त्या काळच्या कितीतरी गाड्यांत आढळतात. रिलेवर जाड तारांसाठी दोन मोठे बोल्ट आणि बारीक तारांसाठी लहान पिना असतात. बटण एका बाजूला दाबले की गुंडाळीतून एका दिशेने प्रवाह जातो, आतला दांडा ओढला जातो आणि तांब्याची चकती दोन्ही बोल्टांना टेकते. पुढे तिला तिथे धरून ठेवण्यासाठी वीज लागत नाही. बटण उलट बाजूला दाबले की प्रवाहाची दिशा उलटते आणि दांडा सुटतो. गुंडाळी क्षणभराच्याच प्रवाहासाठी बनवलेली असल्याने बटण सेकंदभर दाबून सोडायचे असते. ‘लागत नाही, जरा जोरात दाबून धरू’ या सवयीने बऱ्याच गुंडाळ्या जळाल्या असाव्यात. विक्रेत्याचा माणूस संध्याकाळी आवार सोडताना एका बटणावर गाडी बंद करून जात असे, म्हणून या बटणाला तिथे ‘सेल्समन स्विच’ असेही म्हणतात.

बिघाडाची लक्षणे तीन तऱ्हांची असतात : बटण दाबूनही दिवे लागत नाहीत, दिवे लागतात, पण पंखा किंवा पंप चालू केला की मंदावतात, किंवा ‘स्टोअर’वर टाकूनही वीज बंद होत नाही. यांत आणखी एक गोंधळ मिसळतो. मुक्कामाच्या ठिकाणी गाडीला बाहेरून १२० व्होल्टची जोडणी दिली, की कन्व्हर्टर १२ व्होल्टची वीज तयार करतो आणि दिवे झकास लागतात. अनेक गाड्यांत कन्व्हर्टर कट-ऑफच्या पलीकडे, म्हणजे उपकरणांच्या बाजूला जोडलेला असतो. त्यामुळे स्विच आतून तुटलेला असला तरी आत सर्व काही चालते, फक्त बॅटरी चार्ज होत नाही. बाहेरची जोडणी काढल्याबरोबर अंधार झाला की मालक बॅटरीला दोष देतो आणि नवी विकत आणतो. म्हणून तपासणीपूर्वी बाहेरची जोडणी काढणे, इंजिन बंद ठेवणे, आणि हातातील अंगठी व कडे उतरवणे आवश्यक आहे. बॅटरीकडच्या जाड तारेवर काही गाड्यांत फ्यूज नसतो आणि तिथे पान्हा चासीला टेकला तर ठिणगी लहान नसते.

पहिले मापन बॅटरीच्या टोकांवरच घ्यावे. काही तास विश्रांती घेतलेली पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.१ च्या आसपास ती निम्मी उतरलेली समजावी. नंतर स्विच ‘यूज’वर असताना रिलेचे दोन्ही मोठे बोल्ट चासीच्या संदर्भात मोजावेत. इथेच बहुतेकांची फसगत होते. आतील चकतीवर ठिणग्यांचे चट्टे आणि काजळी साचली असेल, तर उपकरणे बंद असताना दोन्ही बोल्टांवर सारखेच १२.६ दिसतात, कारण मीटरला लागणारा नगण्य प्रवाह त्या काजळीतूनही जातो. खरी परीक्षा लोडखाली होते. सर्व दिवे व भट्टीचा पंखा चालू करून मीटरची दोन टोके थेट दोन बोल्टांवर ठेवावीत. चांगला स्विच दशांश-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दाखवत नाही. एक-दोन व्होल्ट दिसले तर तेवढी वीज स्विचमध्येच उष्णता होऊन वाया जात आहे, आणि पूर्ण १२ दिसले तर जोड तुटलेलाच आहे. मात्र बोल्टाच्या डोक्यावर आणि नंतर तारेच्या लगवर (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर) असे वेगवेगळे मोजून पाहावे. दोष कधीकधी रिलेत नसून सैल नटाखालच्या हिरवट गंजात असतो.

बटण दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो की नाही, यावरून पुढची वाट ठरते. आवाज येतो पण वीज पलीकडे जात नाही, तर आतील चकती जळालेली असते. आवाजच नसेल तर आधी बटणाच्या वाटेवरचा छोटा फ्यूज पाहावा, मग एकाने बटण दाबत असताना दुसऱ्याने लहान पिनांवर मोजावे. बहुतेक रचनांत एका बाजूला दाबल्यावर अधिक १२ आणि दुसऱ्या बाजूला उणे १२ दिसायला हवेत. इशारा पोहोचूनही रिले हलत नसेल तर रिले गेला. पोहोचत नसेल तर बटण, फ्यूज किंवा मधली तार. शंका उरलीच तर बॅटरीची ऋण तार काढून रिलेवरच्या दोन्ही जाड तारा एकाच बोल्टावर कसाव्यात आणि ऋण तार पुन्हा जोडावी. आता सर्व व्यवस्थित चालले तर दोष रिलेचाच, याबद्दल वाद राहत नाही.

एक अडचण केवळ या रचनेतच उद्भवते. बॅटरी अगदीच उतरली तर रिलेचा दांडा ओढण्याइतकीही ताकद तिच्यात राहत नाही. रिले लागत नाही म्हणून कन्व्हर्टरची वीज बॅटरीपर्यंत जात नाही, आणि बॅटरी चार्ज होत नाही म्हणून रिले लागत नाही. अशा वेळी वेगळा चार्जर थेट बॅटरीला लावून तासाभराने बटण दाबले, तर ‘बिघडलेला’ रिले पुष्कळदा निमूटपणे काम करू लागतो.

रिले बदलताना त्याच्याशेजारीच बसवलेल्या, दिसायला जवळजवळ सारख्या दुसऱ्या डब्याशी घोटाळा होऊ देऊ नये. तो दोन्ही बॅटरीसंच तात्पुरते जोडणारा सोलेनॉइड असतो आणि त्याची गुंडाळी सतत विजेवर चालते. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नवा नट कसताना खालचा नट दुसऱ्या पान्ह्याने धरावा, नाहीतर बोल्ट आतल्या आत फिरून नवाकोरा रिले त्याच क्षणी निकामी होतो. रिलेचा सोस नसेल तर त्याच जागी हाताने फिरवायचा स्विच बसवणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे. फक्त त्याची क्षमता सतत वाहणाऱ्या प्रवाहासाठी पुरेशी असावी.

स्विच ठणठणीत असतानाही ‘स्टोअर’वर ठेवलेली बॅटरी उतरल्याची तक्रार येते, ती वेगळ्या कारणाने. गॅसगळती शोधक बहुधा कट-ऑफच्या आधीच, थेट बॅटरीला जोडलेला असतो. त्याचा प्रवाह केवळ एक दशांश अँपिअर धरला, तरी दिवसाला २.४ अँपिअर-तास होतात, आणि १०० अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत निम्मी उतरते. त्यामुळे गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल तर बटणावर न विसंबता गॅसच्या टाकीची झडप बंद करून बॅटरीची ऋण तारच काढून ठेवतात.