गेट उघडतं का, आणि गेट थांबतं का

आमच्या सोसायटीच्या फायलीत सरकत्या गेटच्या सर्व्हिसिंगचे नऊ रिपोर्ट लावलेले आहेत. प्रत्येकाच्या तळाला तेच दोन शब्द : ‘ऑल ओके’. नववा रिपोर्ट मे महिन्यातला. जूनमध्ये खांबावरच्या दिव्याच्या कामाला आलेल्या वायरमननं सहज म्हणून मोटरचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि मला हाक मारली. बोर्डवर ज्या दोन स्क्रूंना फोटोसेलच्या, म्हणजे वाटेत कुणी आलं तर गेट थांबवणाऱ्या सेन्सरच्या, वायरी यायला हव्यात, तिथे बोटभर लाल वायर वाकवून घट्ट आवळली होती. खांबावर फोटोसेल होता, त्याचा बारका दिवाही लागत होता. पण मोटरपर्यंत त्याचं म्हणणं पोचतच नव्हतं. त्या लाल वायरीमुळे तिला चोवीस तास एकच निरोप मिळत होता : रस्ता मोकळा आहे, चल.

गंमत म्हणजे रिपोर्टमध्ये खोटं असं काही नव्हतं. गेट उघडत होतं, मिटत होतं, आवाज करत नव्हतं. सर्व्हिसिंगला आलेल्या मुलानं तेवढंच बघितलं होतं आणि तेवढंच लिहिलं होतं. आम्ही मात्र त्या दोन शब्दांचा अर्थ ‘कुणाला लागणार नाही’ असा लावून बसलो होतो. सर्व्हिसिंग आणि सुरक्षा तपासणी या दोन कामांची गल्लत इथेच होते. दोन्ही एकाच झाकणाखाली, बहुतेक वेळा एकाच माणसाकडून व्हायची असतात, त्यामुळे एक झालं की दुसरं आपोआप झालं असं वाटतं. पण सर्व्हिसिंगमध्ये गेटला त्रास होतोय का ते बघतात, आणि तपासणीत गेटपासून माणसाला त्रास होईल का ते.

सर्व्हिसिंगचं काम ओळखीचं आहे. पावसाळ्यात ट्रॅकमध्ये चिखल आणि खडी बसते, ती काढायची. खालची चाकं हातानं फिरवून बेअरिंग खरखरतंय का बघायचं. मोटरचं पिनियन (दातेरी चाक) आणि गेटला लावलेली दातेरी पट्टी यांत एक-दीड मिलिमीटर फट हवी. चाकं झिजली की गेट खाली बसतं, फट जाते आणि गेटचं सगळं वजन मोटरच्या शाफ्टवर येतं. गेटला दोन्ही टोकांना थांबवणारा लिमिट स्विच जागेवर आहे ना ते बघायचं. बॉक्समध्ये मुंग्या आणि पाली हमखास असतात, आमच्याकडे एकदा पालीची अंडी निघाली. बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते. एक गोष्ट मात्र सर्रास चुकीची होते : दातेरी पट्टीला ग्रीस फासणं. दिसायला काम झाल्यासारखं दिसतं, पण उघड्यावरच्या पट्टीला लावलेल्या ग्रीसवर धूळ बसून त्याचा पॉलिश पेपर होतो. कितीतरी कंपन्यांच्या पुस्तिकांत तिथे वंगण लावू नका असं छापलेलं असतं.

यातलं काही राहिलं तर गेट अडकतं, कुरकुरतं, बंद पडतं. म्हणजे चूक स्वतःहून ओरडून सांगते आणि सकाळी ऑफिसला निघालेले पन्नास सभासद त्या ओरडण्यात भर घालतात. सुरक्षेतली चूक ओरडत नाही. आमची लाल वायर किती महिने तिथे होती, कुणाला कळलंच नाही. उलट गेट त्या काळात जास्तच छान चालत होतं, कारण आधी संध्याकाळचं ऊन थेट फोटोसेलच्या काचेवर पडलं की ते मधेच थांबायचं आणि आम्ही तक्रार करायचो. तक्रारीवर उपाय झाला होता!

म्हणूनच ही दोन कामं नुसती वेगळी नाहीत, कधीकधी ती एकमेकांच्या मुळावर येतात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे बोर्डवरचा फोर्सचा स्क्रू. गेटला मधे काही लागलं तर किती जोर लावून मग माघार घ्यायची, हे तो ठरवतो. ट्रॅकमध्ये चिखल साचला की गेटला वाटतं काहीतरी आडवं आलंय, आणि ते उलटं फिरतं. योग्य उपाय म्हणजे चिखल काढणं. पण पावसात गुडघ्यावर बसून ट्रॅक खरवडण्यापेक्षा स्क्रू-ड्रायव्हरनं फोर्स पाव फेरा वाढवणं दहा सेकंदांचं काम. गेट चिखलातून रेटून जातं, मुलगा सही घेऊन जातो. तेच गेट आता माणसालाही तितक्याच जोरानं रेटणार असतं. सर्व्हिसिंगच्या दृष्टीनं काम फत्ते, सुरक्षेच्या दृष्टीनं गेट कालच्यापेक्षा वाईट.

हा जोर किती असावा याला आकडा आहे. युरोपातलं ईएन १२४५३ हे मानक सांगतं की मिटणाऱ्या गेटची कड आणि समोरचा खांब यांत अर्ध्या मीटरपेक्षा कमी जागा उरली असताना मधे कुणी सापडलं, तर धक्का ४०० न्यूटनच्या वर जाता कामा नये. म्हणजे ढोबळमानानं चाळीस किलोचं पोतं अंगावर टेकल्याइतका. आणि तोही पाऊण सेकंदापुरता, त्यानंतर दाब १५० न्यूटनच्या खाली यायला हवा. हे मोजायला खास मीटर लागतो. गेट बघायला आलेल्या माणसाला मी हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतो की तुमच्याकडे फोर्स मीटर आहे का. बहुतेकांच्या चेहऱ्यावरूनच उत्तर मिळतं.

ब्रिटनमध्ये २०१० च्या उन्हाळ्यात काही दिवसांच्या अंतरानं दोन लहान मुली, एक सहा वर्षांची आणि एक पाच, मँचेस्टर आणि वेल्समधल्या ब्रिजएंड इथे स्वयंचलित गेटमध्ये चिरडून गेल्या. ती गेटं बंद पडलेली नव्हती, चालत होती. ब्रिजएंडच्या प्रकरणात पुढे कोर्टानं गेट बसवणाऱ्या कंपनीला तर दंड केलाच, पण देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीलाही केला. सर्व्हिसिंगच्या फायलीवर विसंबून राहणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता फोटोसेलकडे येतो, कारण ‘आमच्याकडे सेन्सर आहे’ म्हणणारे सगळे त्याच्याबद्दलच बोलत असतात. फोटोसेल म्हणजे एका खांबावरून दुसऱ्या खांबावर जाणारी न दिसणारी एकच रेघ. भिंत नव्हे. साधारण गुडघ्याच्या किंवा मांडीच्या उंचीवर ती असते. उंच चाकांचा टेम्पो मधे उभा असेल तर ती त्याच्या पोटाखालून निघून जाऊ शकते. खाली वाकून चेंडू उचलणारं पोर रेघेच्या पलीकडे, गेटच्या बाजूला असेल तर तिला ते दिसत नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी ही रेघ गेट मिटतानाच कामाला येते. उघडताना सरकत्या गेटची शेपटी कंपाउंडच्या भिंतीलगत मागे जाते, तिथे काय आहे हे बघायला कुणीच नसतं. मुलं गेटच्या गजांत हात घालून उभी राहतात ती नेमकी तिथे. गज सरकत जाऊन खांबापाशी येतात आणि हात बाहेर काढायला वेळ उरत नाही. आम्ही त्या बाजूला गेटवर बारीक जाळी वेल्ड करून घेतली. यात इलेक्ट्रॉनिक काही नाही, पण पुऱ्या गेटवर आम्ही केलेला सगळ्यात उपयोगी खर्च तोच.

लाल वायरीसारख्या जुगाडावर खरं तर बोर्डातच तोड असते. युरोपीय बनावटीच्या बऱ्याच बोर्डांवर फोटोटेस्ट नावाची सोय असते : प्रत्येक फेरीआधी बोर्ड पाठवणाऱ्या डोळ्याची वीज क्षणभर तोडतो आणि घेणारा डोळा ‘रेघ तुटली’ म्हणतो का ते बघतो. तसं म्हणाला नाही, तर गेट हलतच नाही. वायर वाकवून त्याला फसवता येत नाही. अमेरिकेतही यूएल ३२५ या मानकात २०१६ पासून अशी स्वतःवर नजर ठेवणारी उपकरणंच धरली जातात, आणि माणूस अडकण्याचा धोका असेल तिथे प्रत्येक दिशेला एकमेकांवर न विसंबणारे दोन बंदोबस्त लागतात. आमच्या बोर्डवर फोटोटेस्ट होता. बसवताना कुणी चालूच केला नव्हता.

काही गोष्टी दोन्ही यादींत येतात, तिथे घोटाळा आणखी वाढतो. ट्रॅकच्या दोन्ही टोकांचे लोखंडी स्टॉपर घ्या. सर्व्हिसिंगवाला लिमिट स्विच बरोबर थांबवतोय म्हणून स्टॉपरकडे ढुंकूनही बघत नाही. पण लिमिट चुकला किंवा कुणी गेट मोटरपासून सोडवून जोरात ढकललं, तर तीनचारशे किलोचं धूड ट्रॅकवरून उतरून आडवं होण्यापासून थांबवायला तोच एक तुकडा असतो. गेटला उभं धरणारे वरचे गाइड रोलरही तसेच. अर्थिंगही तसंच : मोटर त्याशिवाय मजेत चालते, भिजलेल्या लोखंडी गेटला हात लावणाऱ्याला मात्र त्याची गरज असते. आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून बघायला कसलंच शिक्षण लागत नाही.

आणि रिलीजची किल्ली. कुणी गेटमध्ये अडकलं किंवा लाइट जाऊन बॅटरीही संपली, तर या किल्लीनं मोटर सोडवून गेट हातानं सरकवायचं. आमची किल्ली चेअरमनच्या फ्लॅटमध्ये, शोकेसच्या खणात, वॉरंटी कार्डासकट प्लास्टिकच्या पिशवीत होती. चेअरमन दिवाळीला गावी गेले की किल्लीही पाचव्या मजल्यावर कुलुपात. सर्व्हिसिंगच्या दृष्टीनं ती व्यवस्थित जपून ठेवलेली होती!

लिफ्टचं उदाहरण दिलं की सभासदांना फरक चटकन कळतो. आपल्याकडे लिफ्टसाठी १९३९ पासून कायदा आहे, २०१७ मध्ये त्याच्या जागी नवा आला आणि त्यात सरकते जिनेही घेतले. लिफ्टची सर्व्हिस कंपनीचा माणूस करतो, तपासणीचा दाखला सरकारी निरीक्षक देतो. दोन माणसं, दोन कागद, त्यामुळे गल्लत होत नाही. गेटचं नाव त्या कायद्याच्या शीर्षकात नाही, आणि गेटकडे निरीक्षक म्हणून कुणी येत नाही. वार्षिक कंत्राट करताना आपणच दुसरा कागद मागायला लागतो. आम्ही कोटेशनमध्ये वेगळी ओळ घालायला लावली : फोटोसेल, दोन्ही दिशांचा जोर मीटरनं मोजून आकड्यात, स्टॉपर, रिलीज, अर्थिंग. ‘ओके’ चालणार नाही, आकडा लिहा. दोघांनी कोटेशन मागे घेतलं. तिसरा मीटर घेऊन आला.

रोजच्यासाठी मात्र मीटर नको, वॉचमन पुरतो. आमचे वॉचमनमामा दर महिन्याच्या एक तारखेला, दूधवाला येऊन गेला की, टीव्हीचं रिकामं खोकं घेऊन उभे राहतात. गेट मिटायला लागलं की काठीनं ते खोकं रेघेत सरकवायचं, एकदा या खांबाजवळ, एकदा मध्यावर. गेट थांबून मागे गेलं पाहिजे. मग खोकं रेघेच्या पलीकडे, गेटच्या वाटेत ठेवायचं. ते चपटं झालं तर नापास. झालं नाही म्हणून पास असं मात्र नाही, ते मीटरच सांगेल. हात-पाय घालून बघायचं नाही, हे मामांना सांगावं लागलं नाही, कमिटीतल्या एका उत्साही सभासदाला सांगावं लागलं. शेवटी किल्लीनं मोटर सोडवायची आणि गेट एका हातानं ढकलून बघायचं. ढकललं जायला हवं, आणि उतारावर आपसूक घरंगळता कामा नये. हीच परीक्षा सर्व्हिसिंगवाला गेल्यावरही घ्यायची, तो फाटकाबाहेर पडायच्या आत. किल्ली आता चौकीत खिळ्याला टांगलेली असते आणि रात्रपाळीवाल्यांनी ती अंधारात वापरून बघितली आहे.

गेल्या एक तारखेला दुसऱ्यांदा खोकं सरकवलं तेव्हा गेट थांबलं नाही. मामांनी फोन केला तेव्हा मी चहा गाळत होतो. खाली जाऊन बघतो तर त्यांनी मेन स्विच पाडून गेट हातावर घेतलं होतं आणि रजिस्टरात वेळसुद्धा लिहिली होती, ६.४०. बोर्डवर लाल वायर नव्हती, मी आधी तेच बघितलं. बिघाड फोटोसेलच्या आतल्या रिलेत, म्हणजे बोर्डाला निरोप देणाऱ्या छोट्या स्विचमध्ये, निघाला, तो चिकटून बसला होता. नवीन जोडी यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मामांनी गेट हातानंच ढकललं, आणि पहिल्याच सकाळी सात जणांनी मला फोन करून विचारलं, सर्व्हिसिंग तर परवाच झालं ना?