सल्लागार आणि सचिव: दर्जा कुणाला, सही कुणाची?

निवडणूक जिंकून देणारा रणनीतीकार मुख्यमंत्र्यांचा सल्लागार झाला, त्याला मंत्रिपदाचा दर्जा मिळाला, की लोक म्हणतात, "आता तोच सरकार चालवणार." नाशिकला जिल्हाधिकारी कचेरीत काम घेऊन येणारा माणूसही ओएसडी (विशेष कार्य अधिकारी), सल्लागार, सचिव या सगळ्यांना 'साहेब' म्हणूनच हाक मारतो. पण ही पदं एक नाहीत, आणि गल्लत झाली की भुर्दंड सामान्य माणसालाच पडतो.

प्रशांत किशोर यांचं उदाहरण घ्या. 2015 च्या बिहार निवडणुकीनंतर नितीशकुमारांनी त्यांना मंत्रिपदाच्या दर्जाचं सल्लागारपद दिलं. 2021 मध्ये ते पंजाबात अमरिंदरसिंग यांचे प्रमुख सल्लागार झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पद सोडून मोकळेही झाले. कर्नाटकात काँग्रेसच्या 2023 च्या विजयानंतर पक्षाचे रणनीतीकार सुनील कनुगोलू यांना असाच दर्जा मिळाला. दर्जा म्हणजे मानमरातब आणि सोयीसुविधा. सल्लागार मंत्रिपदाची शपथ घेत नाही, आणि शासनाच्या नावाने आदेश काढण्याचा अधिकारही नुसत्या दर्जाने मिळत नाही. त्याचं सगळं वजन एका माणसाच्या विश्वासावर. तो माणूस खुर्चीवरून गेला की सल्लागारही गेला.

सनदी अधिकाऱ्याचं तसं नाही. त्याची बदली होईल, अडगळीतलं खातं मिळेल, पण चौकशीशिवाय त्याला बडतर्फ करणं सोपं नाही; राज्यघटनेचं कलम 311 आड येतं. बदल्यात त्याच्यावर बंधनंही आहेत. अखिल भारतीय सेवांच्या 1968 च्या वर्तणूक नियमांनुसार त्याला पक्षाचं सदस्य होता येत नाही, प्रचारही करता येत नाही.

मला हा फरक सगळ्यात लख्ख दिसतो तो आचारसंहितेच्या काळात. जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात आणि त्या काळात निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली काम करतात. समजा, पंचवटीतल्या एका मतदान केंद्राची यादी आहे. रणनीतीकाराचा माणूस ती घेऊन बसतो आणि नावांपुढे खुणा करतो: आपला, त्यांचा, कुंपणावरचा. तीच यादी जिल्हाधिकारी कचेरीतही असते. तिथला कारकून मयत कोण, नाव दुबार कुणाचं, पत्ता कुणाचा बदलला, एवढंच बघतो. अमक्याचं मत कुणाला जाणार हे त्याने बघायचंच नसतं. उमेदीची वर्षं पहिल्या टेबलावर काढलेल्या माणसाला दुसऱ्या टेबलावर बसवलं, तर त्याला नजरच बदलावी लागेल. हुशारी दोन्हीकडे लागते, हे मान्य. पण प्रशासनात ज्याने मत दिलं नाही त्याचीही पाणीपट्टी, सातबारा आणि रेशनकार्ड त्याच तत्परतेने बघावं लागतं. माझ्या मते रणनीतीकाराची खरी परीक्षा इथेच आहे.

अमेरिकेत प्रचारातून थेट सरकारी पदावर जाण्याचं दार बरंच उघडं आहे. 1932 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांची मोहीम सांभाळणारे जेम्स फार्ली पुढच्याच वर्षी पोस्टमास्टर जनरल झाले, 1940 पर्यंत राहिले, आणि त्या काळात पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्षही होते. म्हणजे टपालखातं आणि पक्ष एकाच हातात. 1939 च्या हॅच कायद्याने साध्या कर्मचाऱ्यांच्या राजकारणाला लगाम घातला, वरच्या राजकीय नेमणुका मात्र वगळल्या.

आपल्याकडे उलटा प्रवासही होतो. ओडिशातले व्ही. के. पांडियन यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये सनदी सेवेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. लगेच मंत्रिपदाचा दर्जा मिळाला आणि पुढच्याच महिन्यात ते तेव्हाच्या सत्ताधारी बिजू जनता दलात गेले. 2024 मध्ये पक्ष हरला, त्यांनी सक्रिय राजकारणही सोडलं.

म्हणून "वरून फोन आलाय, काम झालंच समजा" असं कुणी सांगितलं, तर आदेशाचा क्रमांक, तारीख आणि सही करणाऱ्याचं पदनाम विचारून घ्या. तोंडी सल्ल्याची प्रत माहिती अधिकारात मिळत नाही; फाइलवरची टिपणी आणि सहीचा आदेश मागता येतो, आणि अपिलात जायचं झालं तर तोच कागद जोडावा लागतो.